चौथ्या पाटाचे लाकूड

मु. डोंगरकडा,
शुक्रवार, ता. २३ एप्रिल १९३७, सकाळचे साडेसात. पत्राला बसण्यापूर्वी दोन्ही हातांना खोबरेल चोपडत होतो. कागदावर डाग दिसल्यास तो तेलाचाच समजावा, दुसऱ्या कशाचा नाही.

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाचा उद्धव याचा साष्टांग नमस्कार. इकडे आई खुशाल आहे, म्हैस खुशाल आहे आणि मीही बराचसा खुशाल आहे. हिंगोलीस आपली प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावे, विशेषतः कातडीचे. आपल्याला जन्मात कधी खरूज, नायटा किंवा गजकर्ण झाले नाही असे आई सांगते. हे खरे असल्यास फार समाधानाची गोष्ट आहे. (का, ते पुढे येईल.)

जवळा बाजारच्या संतरामजींची मुलगी कालिंदी आपणच सुचवली. माघात आपण मला तिथे नेले तेव्हा मी हळदवानाच्या पिवळ्या लाकडाची एक लहान डबी सोबत नेली होती. तिच्या झाकणावर केसाएवढ्या पात्याच्या करवतीने मोरांची जाळी कापली होती. सर्वांनी मोर पाहिले आणि छान म्हणाले. कालिंदीने मात्र डबी उलटी करून खालचा सांधा पाहिला. माझ्या कामाची खालची बाजू आजवर कोणी पाहिली नव्हती. तेव्हापासून हे स्थळ जुळावे असे मला वाटते. आपण वडील माणूस, म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

गेल्या रविवारी संतरामजी आणि त्यांचे तिघे भाऊ आपले घर पाहायला आणि जेवायला येणार होते. घरात पाट दोनच, त्यातला एक डुगडुगतो. म्हणून मी चार नवे पाट करायचे ठरवले, मधोमध सात वर्तुळांच्या कमळाची जाळी असलेले. लाकडांची माझी एक वही आहे. (माझी शाळा पाचवीतच सुटली, पण वहीत काना-मात्रा चुकलेली नाही.) तीत लिहिले आहे ते असे. सागवान सगळ्यांना आवडते, पण बारीक जाळीत पाकळीचे टोक नेमके शेवटच्या दिवशी तुटते. शिसवावर चकाकी फार सुंदर येते, मात्र एका कमळाला सात पाती मोडली. सावर लोण्यासारखी कापली जाते आणि लोण्यासारखीच वागते. बाभळीने आऊत करावे, जाळीच्या वाटेस जाऊ नये. उंबराला आई हात लावू देत नाही. मला स्वतःला शिवण आवडते, कारण ती हलकी असते, तडकत नाही आणि सांगावी तशी वळते. तर एक पाट सागाचा, एक शिसवाचा आणि एक शिवणीचा झाला. चौथ्याला लाकूड उरले नाही.

म्हणून देवलाकडे गेलो. देवला रानातून लाकूड आणून विकतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या ढिगाच्या बुडाशी साल काढलेला एक ओंडका आडवा टाकलेला होता, राखी-पिवळसर, मधून काळसर रेघा. असे लाकूड माझ्या वहीत नव्हते. मी भाव विचारला. तो म्हणाला, "त्ये इकायचं न्हाई, मालक." मी आठ आणे म्हटले. तो म्हणाला, "न्हाई, तकलीफ व्हईल." मी दहा आणे म्हटले. तो म्हणाला, "तुमी ऐकून का नाही राहिले? घेऊ नका त्ये." आता बाजारात कोणी तीनदा नाही म्हटले की तो भाव वाढवतो आहे हे आपल्याकडे लहान लेकरालाही कळते. मी बारा आणे त्याच्या ढिगावर ठेवले आणि ओंडका उचलून घरी आलो. वाटेत मला स्वतःच्या व्यवहारचातुर्याचे कौतुकही वाटले. ओंडक्याच्या दोन पाटांपुरत्या फळ्या निघाल्या.

चौथा पाट सगळ्यांत देखणा झाला, म्हणून तो संतरामजींना मांडला. माझी बोटे शनिवारपासूनच सुजली होती. ती मी उपरण्यात गुंडाळून वाढत होतो. चैत्राच्या उन्हात पोराने उपरणे का सोडले नाही, याची पाहुण्यांत कुजबूज झाली. संतरामजींनी पातळ धोतर नेसले होते आणि त्यांना घाम भरपूर येतो. आईने पुरणपोळीचा आग्रह करकरून त्यांना सवा तास त्या पाटावरून उठू दिले नाही. जाताना ते प्रसन्न होते.

मंगळवारी ते बसू शकेनात. बुधवारी निरोप आला, "पोराच्या अंगात रोग हाय. त्याचे गुंडाळलेले हात आमी पाहिले, आता आमच्या अंगावर आला. पोरगी द्यायची न्हाई." कमळाची सातही वर्तुळे त्यांच्या अंगावर उमटली आहेत म्हणे. (मोजमाप अचूक आले याचा आनंद मानू नये हे मला समजते.)

त्याच संध्याकाळी देवला आला, माझे हात पाहिले आणि ओट्यावर बसून पोटभर हसला. "बिब्बा हाय त्यो, मालक! म्या तीनदा सांगितलं. बिब्याचा पाट केला व्हय? त्याला तर आमी कुऱ्हाडसुद्धा भिऊन लावतो." मी विचारले, नाव का घेतले नाहीस? तो म्हणाला, "तुमी बोलू कुठं दिलं? पैसे टाकले आन् पळाले." बिब्ब्याचा चीक अंगावर उतला की कसा दिसतो हे आईला चांगले माहीत आहे, पण तिलाही शंका आली नाही, कारण बिब्ब्याचे कोणी पाट करत नाही.

मी लगेच खरे ते संतरामजींना कळवले. गुरुवारी उत्तर आले, "रोग झाकायला गोष्ट काढली. बिब्याचा पाट कोन शहाना करतो?" ता. २ मे रोजी ते कळमनुरीचा दुसरा मुलगा पाहायला जाणार आहेत. त्याआधी कोणीतरी त्यांची खात्री पटवावी लागेल.

मामींना नमस्कार. वहीत बिब्ब्याचे पान जोडले आहे आणि त्यावर एकच शब्द लिहिला आहे, नको.

आपला आज्ञाधारक भाचा,
उद्धव

ता. क. - आपण दिवाळीत मागितलेला पाट दगडोबाच्या गाडीने आज पाठवला आहे. तो त्याच ओंडक्याच्या दुसऱ्या फळीचा आहे. विनंती ही की, आपण पातळ धोतर नेसून त्यावर सावकाश जेवावे, तिसऱ्या दिवशी पाट घेऊन जवळा बाजारास जावे आणि संतरामजींना दाखवावे, की माझ्यापासून दहा कोस दूर राहणाऱ्या, जन्मात खरूजही न झालेल्या माणसाला हीच सात वर्तुळे उठतात. माझ्या हातांवर विश्वास बसत नाही, आईच्या शब्दावर बसत नाही. आपल्या कातडीवर बसेल. कालिंदी जवळ असेल तर पाट तेवढा उलटा करून ठेवावा.

ता. क. २ - पावशेर खोबरेल पाटासोबत बांधले आहे. मामींना आधी सांगू नये.

ता. क. ३ - दगडोबा पत्राच्या आधी पोचला आणि आपण बसून झाला असाल, तर पुन्हा बसण्याची जरुरी नाही. थेट निघावे.