तुझ्या लग्नातला कोट

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे. जेवणखाण वेळेवर होतं, काळजी नको.

काल नोकरीसाठी मुलाखतीला गेलो होतो. तुझ्या लग्नात शिवलेला कोट घातला. तो जरा ढगळ वाटला, म्हणून आत दोन शर्ट चढवले. आरशात अगदी जावईबापू दिसत होतो! पण साहेबांची खोली म्हणजे भट्टी. ते म्हणाले, "कोट काढा की, आरामात बसा." काढणार कसा? दोन-दोन कॉलरी दिसल्या असत्या. मी "असू दे, असू दे" म्हणत घाम पुसत राहिलो. त्यांना वाटलं असेल, हा काहीतरी लपवतोय.

सोमवारी पुन्हा बोलावलंय. या वेळी तू दिलेला निळा शर्ट कडक इस्त्री करून घालीन. पट्ट्याला खिळ्यानं आणखी एक भोक पाडलंय. कोटाशिवाय चालेल ना गं? भाऊजींना विचारून लगेच कळव.

आईचे गुडघे कसे आहेत? ती नीट झोपते ना? सोबत कोटातला फोटो पाठवतोय, दोन शर्टांवर काढलेला. तिला तोच दाखव आणि सांग, तुझ्या लेकानं चांगलं बाळसं धरलंय.

तुझा,
धाकटा