अष्टमीची ओपीडी

रत्नागिरी, १२ नोव्हेंबर २०२४

ती. ज्ञानेश्वरी वहिनीस,
सा. न. वि. वि.

आबा एकदा ओटीवर बसून म्हणाले होते, "आपल्या घरात ताप डॉक्टरकडे जातो आणि दारू देवळात." तेव्हा मी शाळेत होते, हसले होते. आता व्यसनमुक्तीच्या कामात रोज तेच वाक्य आठवतं. बाळादादाने देवीपुढे नारळ ठेवून दारू सोडली आणि फिटचा झटका येऊन पडला; तेव्हापासून त्याला सोडण्याचीच भीती बसली आहे. वर्षानुवर्षांची दारू एकदम तोडली की असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन सोडली तर धोका टळतो. हेच सांगायला आम्ही दर मंगळवारी सकाळी हर्ण्याच्या आरोग्य केंद्रात येतो आणि रिकाम्या खुर्च्या बघून परततो. लोकांना लाज वाटते का? निदान दादाला तरी पाठवा. फोनवर तो शेजारी असतो, म्हणून हे पत्र.

लोभ आटू देऊ नका.

तुमची,
योगिनी

हर्णे, १९ नोव्हेंबर २०२४

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

होडी चालवणाऱ्या आबांची, तांडेलाची लेक असून मंगळवार धरून बसलीस, याचं मला हसू आलं. बाई, सकाळी बंदरात असतं कोण? उधाणात होड्या बाहेर असतात. अष्टमीच्या भांगाला पाणी मंदावतं, तेव्हा पुरुष घरी येतात, जाळी शिवतात, आणि पितातही तेव्हाच. तेव्हा या. संध्याकाळी, लिलाव आटोपल्यावर. जाळ्यांच्या शेडमध्ये बसा. तिथे शिरणाऱ्याला कशाला आलास म्हणून कुणी विचारत नाही. शेजारची गंगुबाई म्हणते, तिच्या नवऱ्याला, धाकूला, ती मासळीच्या टोपलीत घालून आणील.

तुझा भाऊ मात्र म्हणतो, मरेन तर समुद्रात, खुर्चीवर नाही. काल त्याचे हात इतके कापत होते की जाळं शिवायची सुई मी भरून दिली. असा माणूस होडीवर जातो आणि मी त्याच्या डब्यात भाकऱ्या बांधते. जिवाला घोर लागतो गं.

तब्येतीला जप. माया आहे, ती अशीच असू दे.

तुझी वहिनी

रत्नागिरी, २९ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

साहेब म्हणाले, सरकारी काम तिथीवर चालत नाही. मी म्हटलं, रिकाम्या खुर्च्यांवर तरी कुठे चालतंय? तेव्हा एकदा करून बघा म्हणाले. आमचे डॉक्टर नागपूरचे. भांग म्हणजे पिण्याची नव्हे, हे समजवायलाच अर्धा दिवस गेला. आठ डिसेंबरला अष्टमी आहे. रविवार असूनही येतो म्हणाले, पण तुमच्या हातचं कालवण पाहिजे.

दादाला काही सांगू नका. जमलं तर शेडकडे वळवा.

तुमच्या लोभाची भुकेली,
योगिनी

हर्णे, २० मार्च २०२५

चि. योगिनी,
अनेक आशीर्वाद.

हात कापत नाही हे तुला अक्षरावरून दिसेल. तुझ्या वहिनीने त्या अष्टमीला मला सांगितलं की कुणीतरी माझ्या जाळ्यांवर बसलंय. भांडायला गेलो, तर तुमचे डॉक्टर. त्यांनी शपथ घातली नाही, नारळ मागितला नाही. शेवटचा घोट कधी घेतला, झटका कसा आला, एवढं विचारलं आणि तुमच्याच गाडीतून मला रत्नागिरीला नेऊन भरती केलं. खाटेवर पडून मी रडलो, ते तू बघितलंस. घरी सांगितलं नाहीस, हे उपकार.

यंदा शिमग्याला पालखी नाचवली ती शुद्धीत. खांद्यावर देवीचं वजन किती असतं ते पहिल्यांदा कळलं. मालकाने दारूपायी काढून घेतलेली होडीही परत हातात दिली, पुन्हा तांडेल झालो. धाकू टोपलीशिवाय, आपल्या पायांनी येतो, आणि अष्टमीला शेडमध्ये उभं राहायला जागा नसते. तुझ्या साहेबांनी आता गुहागरकडच्या बंदरांसाठी तिथ्या मागवल्यात, हे ऐकून तुझी वहिनी गावभर मिरवते आहे.

आता एक मागणं. तिकडच्या पहिल्या अष्टमीला मला शेडच्या दारात बसव. बोलणार काही नाही. तांडेल बसलाय बघून खलाशी आत तरी येतील. डॉक्टर म्हणतील, अजून कच्चा आहेस, आधी वर्ष काढ. वहिनी आत्ताच नाही म्हणते आहे. तूही नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी विचारतो, नेशील मला?

तुझा,
बाळादादा