तिसऱ्या डीव्हीडीवरचं कुंकू

सोलापूर,
मंगळवार

ती. स्व. अमृतदादा यांना,

त्रिंबकचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (मांडीवर कागद धरून लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय, सांभाळून घ्या.) तुमची आणि वहिनींची तब्येत बरी असेल. इकडे बापूसाहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन पुण्यात सोमवारी ठरल्याचं कळल्यापासून आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. अपवाद फक्त आत्याचा, नवरा हॉस्पिटलात असून. तुमच्या आईसाहेब मैंदर्गीचं घर बंद करून आमच्याकडे उतरल्यात, आणि खणखणीत आहेत. काल तिने आमच्या हिला, शुभदाला, भाकरी थापायला नव्याने शिकवलं. शुभदाच्या हाताला लग्नाआधीपासून भाकरीची सवय आहे, पण बोलणार कोण?

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोन वाजला की आत्या म्हणते, ‘स्पीकर लाव की, आमीबी ऐकतो.’ व्हॉट्सअॅपवर लिहावं तर शुभदा माझा मोबाइल घेऊन तिला मोठ्याने वाचून दाखवते. या घरात मी एकटा पडलोय, दादा. हे पत्र मी बँकेत जातो सांगून बँकेतच बसून लिहितोय, आणि शिपाई माझ्याकडे संशयाने बघतोय. वाचून झालं की फाडून टाका.

तुम्ही टॅब पाठवलात आणि म्हणालात, ऑफिसातून सुटका नाही, तेव्हा हॉस्पिटलात बापूसाहेबांचा वेळ जायला त्यांच्या कुस्त्यांच्या सगळ्या डीव्हीडी यात भरून द्या, त्यात काय मोठंसं. मोठंसं काय ते ऐका. माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायला जागाच नाही. सात रस्ता चौकातल्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, ‘काका, कुठून आणता हो असलं? मुजियममधून?’ शेवटी त्याने माळ्यावरून बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह काढून दिला. तो जोडला, डीव्हीडी घातली, आणि पहिल्याच फटक्याला पडद्यावर काय यावं? ‘या डीव्हीडीची नक्कल करणे हा दंडनीय गुन्हा आहे.’ पाठोपाठ तुरुंगवास! माझी सगळी नोकरी कोर्टाच्या नाझर कचेरीत गेली, जप्त्या कशा होतात ते या डोळ्यांनी पाहिलंय. मी आधी दाराला कडी घातली, मग पडदे ओढले. बापूसाहेबांनी रीतसर विकत घेतलेल्या आहेत, हे खरं. पण जत्रेतला फेरीवाला पावती देतो का कधी? आणि प्रत्येक डीव्हीडीला ती धमकी नव्याने येते हो. मी दर वेळेला पडद्यापुढे हात जोडले.

बाकीच्या भरल्या कशाबशा. अडली ती तिसरी. तीच नेमकी, नातेपुत्याच्या मैदानाची, भीमाच्या कुस्तीची. (भीमा म्हणजे बापूसाहेबांच्या तालमीतला त्यांचा लाडका पठ्ठा. त्या वर्षी बापूसाहेबांचा पाय प्लास्टरात, म्हणून ते मैदानाला जाऊ शकले नव्हते. भीमा जिंकून आला तेव्हा फेटा बांधून, हलगी लावून मैंदर्गीत मिरवणूक निघाली होती, मीही त्यात नाचलो होतो.) ती घरच्या प्लेअरवरसुद्धा भीमाने समोरच्याच्या पायाला हात घालून पट काढला की तिथेच अडायची. बापूसाहेब उठून स्वतः बंद करायचे, ‘पुढचं ठावं हाय मला’ म्हणायचे आणि चहा मागायचे. पण कॉम्प्युटरला ते कुठलं समजायला? तो अर्ध्यावर जायचा, घरघरायचा आणि सगळंच टाकून द्यायचा, एक मिनिटसुद्धा ठेवायचा नाही. मी दुसरं सॉफ्टवेअर घातलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, ड्राइव्ह उलटा करून पाहिला. शेवटी डीव्हीडी बाहेर काढून उजेडात धरली.

कुंकू! तुमच्या मातोश्रींची खंडेनवमीची पूजा तुम्हाला माहीत आहेच. विळा, कोयता, शिलाई मशीन यांच्या पंगतीत टीव्ही, मिक्सर आणि या डीव्हीड्याही बसतात आणि सगळ्यांना हळदकुंकू लागतं. बाकीच्यांना तिने नावाच्या बाजूला लावलंय. या एकीलाच चकचकीत बाजूला, कडेशी, चांगलं बोटभर, वर्षानुवर्षांचा थर. घाईत उलटसुलट झालं असेल, असं म्हणून मी चष्म्याचं फडकं ओलं केलं आणि पुसून काढलं. स्वच्छ. आरशासारखी झाली. आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते! नवरा ऑपरेशनला निघालाय, आणि त्या बाईने स्वतःच्या हाताने लावलेलं कुंकू मी पुसलं! दादा, मी देवभोळा नाही, पण ती डीव्हीडी मी दोनदा कपाळाला लावली. फडकं कुठे लपवू कळेना. धुतलं असतं तर लाल पाणी दिसलं असतं. ते आत्ता माझ्या खिशात आहे.

पण खरी भीती पुढेच आहे. डीव्हीडी आता न अडता चालली. भीमाने पट काढला, समोरच्याने तो परतवला, आणि भीमा चितपट! पाठ मातीला, तोंड आभाळाकडे. मी तीनदा पाहिलं. तो हरलाय, दादा. आणि आता टॅबमध्ये ती कुस्ती शेवटापर्यंत भरलेली आहे. ऑपरेशनच्या तोंडावर बापूसाहेबांनी हे पाहिलं तर? मला तर विचारानेच धडधडतंय, आणि माझं हृदय धड आहे.

तूर्त इतकंच. घरी सर्वांना यथायोग्य सांगा.

तुमचा,
त्रिंबक

ता. क. एक विनंती. टॅबबरोबर डीव्हीडीही पाठवतो, कुंकू पुण्यात तुमच्या हातून पुसलं गेलं, असं आत्याला सांगाल का? तुम्ही पोटचे आहात, तुम्हाला ती फार तर दोन शिव्या देईल.

ता. क. २ (बुधवार) वरची विनंती रद्द. काल घरी गेलो तर आत्याने दारातच हात पुढे केला आणि म्हणाली, ‘सीडी आरशावानी चमकतीया. फडकं दे.’ मी पायच धरले. ती म्हणाली, ‘उठ रं, खुळ्या. कपाळावरचं हाय ते घट्ट हाय.’ मग आत नेऊन दार लावलं, आणि सांगितलं ते ऐका. कुंकू चुकून लागलेलं नव्हतं. भीमा हरून आला तेव्हा प्लास्टरातल्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून हिनेच फेटा आणला, हिनेच हलगीवाले बोलावले आणि अख्ख्या तालमीला शपथ घातली. पुढे बापूसाहेब जत्रेतून ही डीव्हीडी घेऊन आले, तेव्हा हिच्या पायाखालची जमीन सरकली. ‘ते रानात गेले की मी बसायची. हितं लावून बघ, तितं लावून बघ. कुटं लावलं की अडतंय ते घावलं एकदाचं. मग दर खंडेनवमीला तितंच.’ तिने मलाही शपथ घातलीय. लगेच पुन्हा कुंकू लावलं, पण दादा, लावलं की कॉम्प्युटर काहीच उतरवत नाही, आणि पुसलं की सगळंच उतरवतो. मधलं कापायला मला येत नाही, आणि पुन्हा ती तुरुंगाची धमकी बघायची ताकद राहिलेली नाही.

ता. क. ३ (बुधवारीच, दुपारी) आत्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेली होती तेव्हा हॉस्पिटलातून बापूसाहेबांचा फोन आला. हळू आवाजात. ‘तिसरी सीडी पुसू नगंस हां, त्रिंबक.’ मी आधी दाराला कडी घातली. त्यांना सगळं माहीत आहे. भीमा त्याच आठवड्यात त्यांच्या प्लास्टरवर डोकं टेकून रडून गेला होता. मी विचारलं, मग सीडी घेतलीत कशाला? तर म्हणाले, ‘पडायच्या आदी लई ग्वाड लढलाय रं पोरगं. तेवढंच बघतो. आन् ती बाजूला बसती, ती जागा आली की तिचा जीव वरखाली होतो. म्हणून मीच उठून बंद करतो. तिला कळू देऊ नगंस, माझी शपत हाय.’ मी घाबरत घाबरत खरं काय ते सांगितलं, की पुसलंय, आता ते अडणार नाही, तुम्हीच तिथे थांबवा. मग म्हणाले, ‘हितं पुरुषांच्या वॉर्डात तिला बसू देत न्हाईत. अमृतनं एक माणूस ठेवलाय, तो मोबाइल बघत बसतो. मग थांबवू कुणासाठी?’

दादा, आता माझ्याकडे दोघांच्या शपथा आहेत आणि त्या मी तुमच्यावर टाकून मोकळा होतोय. टॅब घेऊन आत्या शुक्रवारी पोहोचेल. थांबवायचं बटण खाली मधोमध आहे, दोन उभ्या रेघांचं. भीमाने पट काढला की दाबायचं. त्यासाठी शेजारी कुणीतरी लागतं, तेवढी रजा टाका.