पिठाचे फ्रेझर आणि पहिला दोर

मी, इशबेल फ्रेझर, वय एकोणऐंशी, राहणार बालनागोर, ब्यूलीजवळ, पूर्वीची या खोऱ्याची टपालवाली, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि माझा भाऊ सायमन सोडला तर कोणाला त्याबद्दल शंका नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. याची अंमलबजावणी इन्व्हर्नेसचे वकील श्री. गिलान्डर्स यांनी करावी.

१. माझं राहतं घर, मागची जमीन, मेंढ्या आणि कोंबड्या डेस रॅफर्टी, हल्ली राहणार ॲबर्डीन, याला मिळाव्यात. डेस सात वर्षांचा असताना ग्लासगोच्या महापालिकेने त्याला आमच्याकडे वाढायला पाठवलं. त्या काळी तिकडची पोरकी मुलं अशीच आमच्या खोऱ्यांत येत. पहिल्या संध्याकाळी आईने त्याला ओटची लापशी वाढली. त्याने वाडगा चाटूनपुसून लख्ख केला आणि विचारलं, "उद्यापण असते का ही?"

"रोज असते रे बाबा. कंटाळशील," आई म्हणाली.

तो कंटाळला नाही. आईने आणि मी मिळून त्याला वाढवलं. आडनाव मात्र त्याचं त्याच्याजवळ राहू दिलं, कारण घरून येताना त्याने तेवढंच आणलं होतं.

२. पीठ ठेवायचा लाकडी पेटारा सायमनला द्यावा. तो त्याने दिवाणखान्यात, भिंतीवर टांगलेल्या त्या फ्रेझरांच्या कुलचिन्हाखाली ठेवावा. माळ्यावर टाकू नये. हे का, ते इथेच लिहिते.

आमच्या खोऱ्यात जो तो फ्रेझर, म्हणून घराघराला टोपणनाव आहे. पुलावरचे फ्रेझर, काळे फ्रेझर. टोपणनावं ठाऊक नसती तर माझ्या हातून एक पत्र धड पोचलं नसतं. आम्ही पिठाचे फ्रेझर. पूर्वी कधीतरी दुष्काळ पडला, तेव्हा इथल्या सरदाराने आपली माणसं वाढवायला जाहीर केलं, की जो माझं नाव लावील त्याला ओटचं पीठ मिळेल. आमचा मूळपुरुष उपाशी होता. त्याने नाव घेतलं, पीठ घेतलं आणि पोरांना जगवलं. त्याआधी त्याचं आडनाव काय होतं ते कोणालाच ठाऊक नाही. असं आमच्या घरात सांगत आले. खरंखोटं देव जाणे, पण मला ही गोष्ट फार आवडते. सायमनला ती ऐकवत नाही. शाळेत पोरं त्याच्यामागे "पीठ घ्या, पीठ" ओरडत, ते त्याच्या मनाला अजून लागून आहे. तेव्हा मीच त्या पोरांना दगड मारले होते, हे त्याने विसरू नये.

३. चांदीचा ब्रोच कॅनडातल्या मार्जरीला द्यावा. आमच्या पणजोबांचा भाऊ जहाजाने पिक्टूला गेला, ती त्याची पणती. फ्रेझर हे नाव फ्रान्सहून आलं म्हणतात. आधी दक्षिणेत रुजलं, मग इकडे डोंगरात आलं, आणि इथून समुद्रापार गेलं. मार्जरी ते सगळं कागदावर झाडासारखं काढून घेऊन आली होती. आल्या आल्या विचारते, "इशबेल, आपला किल्ला कुठला गं?"

"किल्ला सरदाराचा, बाई. आपण मागच्या दाराला, पिठाच्या रांगेत."

ती इतकी हसली की चहा सांडला. म्हणाली, "बरं झालं बाई, किल्ल्याच्या झाडलोटीतून सुटलो." अशी नातेवाईक लाभायला भाग्य लागतं.

४. आता दोरांविषयी. हे कलम श्री. गिलान्डर्स यांनी मोठ्याने वाचावं.

आमच्याकडे शवपेटी दोरांनी थडग्यात उतरवतात. कोणी कोणता दोर धरायचा ते आधी ठरवून चिठ्ठ्या देतात. पहिला दोर डोक्याकडचा, तो सगळ्यांत जवळच्या माणसाचा. आई गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे डेसच्या हातात एक चिठ्ठी होती. बायका तेव्हा थडग्यापाशी जात नसत. मी घरी सँडविच करत होते. तिकडे सायमन सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "दोर रक्ताच्या माणसाचा असतो. तू टपालाने आलेलं पार्सल."

डेसने दोर खाली ठेवला आणि दफनभूमीच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मला कळलं तशी मी सायमनचं घर गाठलं.

"कसलं रक्त रे? आपण पिठावर झालेले फ्रेझर!"

"लोक काय म्हणतील, इशबेल?"

"लोकांची पत्रं मी वाटते. लोकांचं मला नको सांगूस."

त्यानंतर डेस ॲबर्डीनला गेला. दर रविवारी त्याचा फोन येतो, उन्हाळ्यात येऊन छप्परही दुरुस्त करून जातो. पण या खोऱ्यातल्या कुठल्याही मयताला तो फाटकाच्या आत आलेला नाही. माझ्याही वेळी तो बाहेरच उभा राहील, ही एकच भीती मला आहे. मरणाची नाही.

म्हणून पहिला दोर डेसचा. दुसरा, पायांकडचा, सायमनचा. दोघांनी समोरासमोर उभं राहून सारख्याच वेगाने सोडावा, नाहीतर मी वाकडी जाईन. सायमन, तू मला प्रिय आहेस. चिठ्ठी डेसच्या हातात तू स्वतः द्यायची, फाटकापर्यंत चालत जाऊन. तू ती दिली नाहीस तर पेटारा मार्जरीला जाईल, आणि पिठाची गोष्ट ती कॅनडाभर सांगत सुटेल.

५. डेसने फ्रेझर नाव लावावं अशी माझी अट नाही. त्याच्या जन्मदात्या आईने दिलेलं नाव चांगलं आहे. त्याने मला नेहमी इशबेल म्हटलं, तेही मला पुरलं. पण माझ्या दगडावर एवढंच कोरावं: इशबेल फ्रेझर, डेस रॅफर्टीची आई.

वाचून पाहिलं, माझ्या मनासारखं आहे, म्हणून सही करते.

इशबेल फ्रेझर

आमच्यासमोर सही केली:
मोरॅग चिझम, शेजारीण
रेव्हरंड यूअन टल्लक

बालनागोर, १४ ऑक्टोबर २००९