मधली खूण

५ नोव्हेंबर, बुधवार

उशीर झाला, माफ कर. वही, तीन दिवस तुला हात लावला नाही. पेन उघडत होतो आणि परत झाकण लावत होतो. आज लिहितो.

रविवारी आमच्या क्लबातला वायरमन कड्यावरून पडला. गेला. चौतीस वर्षांचा होता.

मी क्लबातल्या दोरांच्या खोलीत झाडत होतो. बाहेर डॉक्टरांना फोन आला – दातांचे डॉक्टर, आमच्या गिर्यारोहण क्लबाचे अध्यक्ष. "कुठल्या टप्प्यावर?" एवढंच त्यांनी विचारलं आणि बाकावर बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आजोबा, आपला वायरमन. उतरताना पडला म्हणतात."

उतरताना!

तो शब्द कानावर पडला आणि माझी मान आपोआप भिंतीकडे वळली. सात नंबरची खुंटी रिकामी होती.

बाकीचं उद्या. आज हात चालत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लिहूनच टाकतो. दुसऱ्या कुणाला सांगायची छाती नाही.

क्लबाचे बारा दोर, बारा खुंट्या. प्रत्येक दोर साठ मीटरचा. बरोबर मध्यावर मी काळ्या दोऱ्याची खूण शिवतो. शाईची नाही – शिवलेली, म्हणजे अंधारातही बोटाला लागते. ही युक्ती माझी. तीस वर्षं गोदामात ओझी वर ओढायच्या यंत्रावर काढली, शाळा सातवीत सुटली, पण दोर मला कळतो. उतरताना पोरं ही खूण कड्याच्या माथ्यावरच्या लोखंडी कडीत आणतात आणि दोर खाली सोडतात. दोन पदर, तीस-तीस मीटरचे. दोन्ही पदर धरून खाली. वरच्या कडीपासून मधला ओटा बरोब्बर तीस मीटरवर आहे. ओटा म्हणजे काय, दोन खाटांएवढी जागा. त्याच्याखाली काही नाही.

गेल्या महिन्यात सात नंबरचं एक टोक पिंजलं होतं. मी चार मीटर कापून टाकलं. नियमच आहे तो. पण एका बाजूने कापलं की मध्य सरकतो. जुनी खूण उसवून नवी शिवायला हवी. नाहीतर एक पदर तीस मीटर आणि दुसरा सव्वीस! सव्वीसचा पदर ओट्याच्या वरच संपणार. आणि कड्याचं पोट असं पुढे आलंय की वरून खालचं टोक दिसतच नाही. माणूस उतरत जाणार आणि दोर हातातून निसटून जाणार.

टोकाला गाठ मारत जा रे, म्हणून मी घसा फोडतो. गाठ असली की माणूस टोकाशी अडकतो तरी. पण ऐकतंय कोण? "आजोबा, गाठ कपारीत अडकते, मग दोर ओढायला तुम्ही येता का?"

तर मी टोक कापलं. सुई ओवली. तेवढ्यात लेकीचा फोन आला. नेहमीचंच – तिच्या पोरीला गिर्यारोहण सोडायला सांगा. अर्धा तास बोलली. फोन ठेवला तेव्हा उजेड गेला होता. उद्या शिवू म्हटलं आणि दोर खुंटीला लावला.

तो उद्या आलाच नाही. रविवारी "उतरताना" ऐकलं तेव्हाच आठवलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दोर पोलिसांकडे आहे म्हणे. सीलबंद पिशवीत. मोजतील का ते?

८ नोव्हेंबर, शनिवार

वायरमनच्या घरी जाऊन आलो. नात बरोबर होती. तिला क्लबात सगळे पाल म्हणतात, भिंतीला चिकटते म्हणून. आता मीही तेच म्हणतो. तिची आई परगावी नोकरीला, पोर चार वर्षं माझ्याकडे.

तिसरा मजला. दारावरची घंटा त्याने स्वतः बनवलेली. बटण दाबलं की आत कोंबडा आरवतो. आज तो आरवला आणि खोलीतले सगळे एकदम दाराकडे बघायला लागले. मला पळून जावंसं वाटलं.

त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती, कुणाकडेच बघत नव्हती. आई मात्र उठून आली. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा. माझे दोन्ही हात धरले तिने.

"तुम्हीच ना दोर बघणारे आजोबा?"

मी मान हलवली.

"सारखं तुमचं नाव असायचं हो त्याच्या तोंडी. म्हणायचा, आई, त्यांनी दोर बघितला की मी डोळे झाकून उतरतो."

पाल म्हणाली, "आजी, बसा तुम्ही." बरं झालं ती होती.

जिन्यात मात्र पाल रडली. खूप. "मला पहिला कडा त्याने शिकवला, आजोबा." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. याच हातात कात्री होती.

त्याचं बोलणं आठवतं. दोर खांद्यावर टाकता टाकता म्हणायचा, "आजोबा, हा तुटला तर वर जाऊन तुमचीच तक्रार करीन हं!" आणि मी म्हणायचो, "जा जा, तिथं माझी ओळख आहे!" मेल्या, काय बोलायचो आपण!

१० नोव्हेंबर, सोमवार

फौजदार आले होते. तरुण आहे, सभ्य आहे. त्यानेच जास्त भीती वाटली. दोरांच्या खोलीत फिरला, खुंट्या बघितल्या.

"दोर कोण सांभाळतं?"

"मी साहेब."

"किती वर्षं?"

"चौदा."

"यातल्या कशात काही बिघाड, दुरुस्ती वगैरे?"

डॉक्टर शेजारी उभे. म्हणाले, "साहेब, आजोबांच्या दोरावर चौदा वर्षांत कुणाला खरचटलंही नाही!"

"नाही साहेब," मी म्हणालो. "बिघाड काही नाही."

फौजदाराची नजर रिकाम्या खुंटीवर गेली असेल? चोराच्या मनात चांदणं.

वायरमनबरोबर वर एकच जण होता, त्याचा जोडीदार. आम्ही त्याला दाढी म्हणतो. तो इस्पितळात आहे. लागलेलं काही नाही, पण बोलतच नाही. आठ दिवस एक शब्द नाही. तो बोलला की माझं संपलं. आणि तो बोलू नये असं मनात येतं. एवढा मी खाली गेलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पाल ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "आम्ही रविवारी जाणार. सगळे."

मला माहीत होतं. आमच्यात रीत आहे ती. कुणी पडला की त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी त्याच वाटेने वर जायचं, न बोलता. आणि त्याच कडीतून एकेकाने खाली उतरायचं. नाहीतर भीती घर करून बसते. चौदा वर्षांत दोनदा बघितलीय.

"पहिली मी उतरणार," ती म्हणाली.

"तूच का?"

"कारण बाकीचे घाबरलेत."

"आणि तू?"

"मीही. म्हणून तर पहिली. आजोबा, तुम्ही गिळत का नाही घास?"

दुपारी लेकीचा फोन. "बाबा, माझी पोर तुमच्या भरवशावर ठेवलीय तिथे." दोनदा म्हणाली. भरवशावर!

फोन ठेवला आणि थेट क्लबात गेलो. बाकीचे अकराही दोर खाली काढले, जमिनीवर अंथरले, दुमडून टोकाला टोक लावून बघितलं. एकूण एक खूण मध्यावर. चार तास लागले, गुडघे बोलायला लागले. पण निदान आता तिथे एकही वाईट दोर नाही. तीन नंबर आणि नऊ नंबर, सगळ्यांत चांगले, रविवारसाठी बाकावर काढून ठेवले.

हे गेल्या महिन्यात केलं असतं तर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजही बोललो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ठरवून निघालो होतो. डॉक्टरांना सांगायचं. दवाखान्यात चार जण बसले होते, मी पाचवा. समोर पोस्टर – दात घासण्याची योग्य पद्धत. ते सतरा वेळा वाचलं. प्रत्येक वेळी आतून यंत्राचा आवाज आला की माझी वाक्यं पुसून जात होती.

"या आजोबा! कवळी टोचतेय?"

मी खुर्चीत बसलो. खुर्ची मागे कलली. तोंडावर दिवा. "डॉक्टर, मला एक –" म्हणालो, तर त्यांनी आरसा तोंडात घातला. "आ करा. हं. हिरडी लाल झालीय. बरेच दिवस सहन करताय वाटतं?"

"हो," म्हणालो.

कवळी घासून दिली. गोळ्या दिल्या. दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हीही फार मनाला लावून घेतलंय. आपल्या हातात काय असतं?"

आपल्या हातात काय असतं! घरी येईपर्यंत तेच डोक्यात. पाल विचारत होती, काय म्हणाले डॉक्टर? म्हटलं, हिरडी.

तिला सांगावं असं संध्याकाळभर वाटत होतं. जवळ बसली होती, बुटाची लेस बदलत. पण मग ती माझ्याकडे कशी बघेल? ते बघणं मला सोसणार नाही. तुरुंग परवडला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

देवा! देवा!

दाढी बोलला.

काल त्याने फौजदारापाशी सगळं सांगितलं. डॉक्टर सकाळीच घरी आले, उभ्या उभ्या सांगून गेले. ते दोघं माथ्यावर पोचले होते. उतरायची तयारी. वायरमनला उकडत होतं. अंगातला कोट काढायचा म्हणून त्याने कमरेचा पट्टा कडीतून सोडवला. एक मिनिट. मागे एक पाऊल टाकलं, तर पायाखालचा दगडच सरकला.

"आणि दोर?" मी विचारलं.

"दोर? दोर पिशवीतच होता आजोबा. बाहेर काढलाच नव्हता. आणि आपला नाही, त्याचा स्वतःचा. नवा हिरवा. नाही का, गेल्या महिन्यात दाखवत होता सगळ्यांना?"

मी नाही मारलं त्याला. माझ्या दोराने नव्हे!

डॉक्टर गेल्यावर जमिनीवर बसून रडलो. पाल धावत आली. म्हणाली, "आता का?" म्हटलं, असंच. खोटं बोललो, पण शेवटचं.

लाज वाटते लिहायला, पण पोट भरून जेवलो. दोनदा वाढून घेतलं. पाल हसली, तेरा दिवसांत पहिल्यांदा. "कवळीने काम दिलं वाटतं!" दुपारी गाढ झोपलो. त्याची आई तिथे तशीच बसली असेल, आणि मी इथे घोरतोय. माणूस म्हणजे काय जनावर आहे.

उद्या पहाटे पाच वाजता निघणार ती. मला उठवू नको म्हटलं, आज झोप आलीय. तिने माझ्या टकलावर टपली मारली. "झोपा. दुपारी भेटू."

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं

क्लबात आलो. तीन आणि नऊ बाकावर तसेच आहेत. वर पालची चिठ्ठी – "आजोबा, तुमचे हे चांगले दोर कशाला झिजवू? सात नंबर पंधरा दिवस माझ्या मैत्रिणीच्या गाडीतच पडून होता, तोच नेतेय. न सांगता नेला होता म्हणून रागावू नका."

वायरमनने हिरवा दोर नेला होता. मग खुंटीवरचा सात नंबर कुठे गेला, हे मी काल विचारलंच नाही. चौदा दिवसांत कुणालाच विचारलं नाही! घाबरत होतो, विचारलं तर कळेल.

तिचा फोन लागत नाही. वर रेंज नाही. डॉक्टर आता कडा चढत नाहीत, खालीच असतात; त्यांना फोन केला, एका दमात सगळं सांगितलं – कापलेलं टोक, खूण, सव्वीस मीटर. मागे फक्त गाडी सुरू झाल्याचा आवाज. कड्याच्या पायथ्याशी जायला पाऊण तास. अकराला ती माथ्यावर असेल.

पोरी, उतरू नकोस. आधी दोन्ही टोकं बघ. टोकाला गाठ मार. मी चुकलो, मला काय म्हणायचं ते म्हण, माझ्याकडे कसंही बघ – पण कुणाकडून तरी निरोप पाठव. लवकर पाठव, बाळा.