दोन उलट्या गोळ्या

कट्टा,
मंगळवार

प्रिय दिव्या,

दुर्गा दूध पिऊन झोपली आहे, म्हणून लिहायला बसले. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. मलाही ते धड सांगता येत नाही. लिहिता लिहिता जमेल.

दुर्गाची कावीळ लांबली, एवढंच तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. खरं वेगळंच आहे, आणि ते मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. ती पोटात असताना मला भूक अशी लागायची, की पेज पिऊन उठले की पुन्हा काहीतरी शोधायचे, तरी वजन उतरत होतं. बांगडे साफ करताना हातातली सुरी थरथरायची. छातीत धडधड. सासूबाई म्हणायच्या, "गरवारपणात असाच होता गो, घाबरू नको." सुशांत नोकरीवरून, रेडीहून, फक्त शनिवारी घरी यायचा, त्याला मी नुसती दमल्यासारखी वाटायचे. डॉक्टरही म्हणाले, उलट्यांनी वजन गेलं असेल.

दुर्गा दिवस भरायच्या आधीच झाली, इवलीशी. रडायची नाही, दूध ओढता ओढता झोपायची. बघायला आलेली प्रत्येक बाई म्हणे, "चेडू कसा गुणाचा आसा!" टाचेतून रक्त घेऊन केलेली पहिली तपासणीही ठीक निघाली. पण सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाईंना तो गुणीपणा आवडला नाही. त्यांनी तिचं रक्त पुन्हा नीट तपासलं, मग माझंही. तिच्यात थायरॉईड कमी, आणि माझ्यात भलतंच जास्त!

मी विचारलं, माझ्याकडे एवढं होतं तर तिला कमी कसं पडलं? त्यांनी कागदावर बाळाचं डोकं काढून दाखवलं. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच थायरॉईडवर वाढतं. पुढे त्याच्या मेंदूखालची इवली ग्रंथी, पिट्यूटरी, जागी होते आणि गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावते. "तुमच्याकडून इतकं येत होतं, की तिच्या पिट्यूटरीला वाटलं, आपल्याला काही कामच नाही. ती गप्प बसली. नाळ कापल्यावर तुमचं येणं थांबलं, तरी ती गप्पच. टाचेच्या तपासणीत फक्त तिचा इशारा वाढलाय का तेवढंच बघतात, म्हणून ती ठीक आली." तिथे मी मान डोलावली. गाडीत बसल्यावर पुन्हा सगळा गुंता. जास्त दिलं म्हणून कमी पडलं, हे कुणाला कसं सांगायचं? घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माका कायच कळना नाय. आवशीचा जास्त झाला म्हणान पोराचा थांबता?" आणि पदराला डोळे पुसत दुर्गाला घेऊन पडवीत जाऊन बसल्या.

मग फळीवर दोन डब्या आल्या. माझी गोळी थायरॉईड कमी करणारी, तिची वाढवणारी. तिची चुरून चमचाभर दुधात द्यायची. एका सकाळी मी माझीच गोळी चुरली आणि चमचा तिच्या ओठांपाशी नेला. सासूबाईंनी मनगट धरलं. तिची डबी उचलून देवघरात ठेवली. मी तो चमचा मोरीत ओतून तीनदा घासला.

आता जरा बरं आहे. दुर्गाची गोळी कमी करून रक्त तपासलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिची पिट्यूटरी जागी होतेय, गोळी बहुतेक सुटेल. बहुतेक! परवा दुर्गा भुकेनं अशी रडली, की शेजारून दाजीकाका विचारायला आले. सासूबाई हसत होत्या आणि मी रडत होते. आनंदानंच असेल, पण नक्की सांगता येत नाही.

दिव्या, रविवारी तू व्हिडिओ कॉलवर गोड बातमी दिलीस. तुझे डोळे मोठे, ताणल्यासारखे दिसत होते. आई म्हणाली, चेहऱ्यावर तेज आलंय. पंखा पुरत नाही म्हणालीस, तेव्हा तुझ्या गळ्याशी उडणारा ठोका मला स्क्रीनवरून दिसत होता. तुमच्याकडे फोन नेहमी सगळ्यांत बसून स्पीकरवर, म्हणून मी गप्प राहिले. कदाचित काहीच नसेल. दुर्गापायी मला जिथे तिथे तेच दिसत असेल. तुला उगाच घाबरवते आहे की वेळेत सांगते आहे, हे मला अजूनही ठरवता येत नाही. पण तुझ्या पोटातलं बाळ आत्ता तुझ्याच थायरॉईडवर आहे. हे पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा. म्हण, माझ्या बहिणीला थायरॉईड जास्त निघालंय, माझं रक्त तपासा. माझं चुकलं असेल, तर पोटभर हसायला दोघं इकडे या.

तुझीच गोंधळलेली ताई,
गौरजा