निरोगी नमुना

४ मार्च
पुन्हा उसळली! निरोगी रक्तावरही पडद्यावरची रेघ वर गेली. सर म्हणाले, "तुझी चिप म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी." महिनाअखेरीपर्यंत सुधारली नाही तर काम बंद.
करून तर बघा बंद!

५ मार्च
टपाल तिकिटाएवढी काच, तिच्यात केसाहून बारीक नळी. रक्ताचा थेंब तिच्यातून जातो, आजाराचं प्रथिन भिंतीला चिकटतं, नळीतून सोडलेला उजेड बदलतो — रेघ उसळते. मूत्रपिंड बिघडायला लागलंय हे माणसाला जाणवायच्या कितीतरी आधी कळतं. बाबांच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, "फार उशीर केलात." आम्ही केला? अजून आठवलं की कानशिलं तापतात. म्हणून सोडणार नाही.

९ मार्च
बुडबुडे! नळीत हवा अडकली की उजेड भरकटतो. सगळ्या द्रवांतली हवा आधीच काढून टाकली. रोग्यांचे नमुने आता चोख. निरोगी नमुना — उसळलाच.
आई म्हणाली, "जेवताना तरी त्या काचेला विसर गं." हो म्हटलं आणि पाण्याच्या पेल्यात बुडबुडे शोधत बसले.

१४ मार्च
नळीच्या भिंतीवरचा, प्रथिन पकडणारा लेप बदलला. तेच! सरांनी बैठकीत बाही वर करून दंड दाखवला. "पन्नाशी उलटली तरी रोज पोहतो. माझ्याहून निरोगी रक्त आणणार कुठून?" आमच्याकडे पहिल्यापासून रीतच आहे — निरोगी नमुना म्हणजे सरांचं रक्त. सगळे हसले. मीही दात दाखवले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणताय ना? थांबा, अंगण मोजूनच दाखवते.

१५ मार्च
आज स्वतःचंच बोट टोचलं. रेघ आडवी, गप्प. तंत्रज्ञबाईंचं रक्त — आडवी. शिपाईकाकांचं — आडवी! अक्षरशः नाचले. चिप खोटं बोलत नाही!
मग सरांचं घातलं. उसळली.

१६ मार्च
सरांना सांगितलं. भडकले. "स्वतःचं खरं करायला मला आजारी पाडतेस?"
मीही ऐकून घेतलं नाही. "तपासून या, सर. चिप चुकली असेल तर मीच फोडीन तिला."
दार आपटून गेले. भांडले खरी, पण आयुष्यात पहिल्यांदा हरावंसं वाटतंय.

२३ मार्च
सरांचा फोन. आवाज खोल गेलेला. "डॉक्टर विचारत होते, इतक्या लवकर आलात कसे? औषधांवर निभावेल म्हणाले." मग — "उद्यापासून निरोगी रक्त दुसऱ्या कुणाचं तरी घे. चिप हीच ठेव."